टाकी भरली हे कंट्रोलरला कोण सांगतं?

सोसायटीच्या गच्चीवरची टाकी आपोआप भरणाऱ्या कंट्रोलरला पाणी कधीच दिसत नाही. त्याच्या इनपुट पिनवर ५ व्होल्ट आहेत की शून्य, एवढंच त्याला कळतं. टाकी वाहते तेव्हा आपण कंट्रोलर बदलायला निघतो, पण आधी तपासायला हवं ते टोक टाकीत असतं.

तिथे बहुधा केबलला लटकलेला फ्लोट स्विच, म्हणजे पाण्यावर तरंगणारा स्विच, असतो. पाणी चढलं की फ्लोट कलतो, आतली गोळी घरंगळते आणि स्विच जोडला जातो किंवा तुटतो. काही फ्लोटमध्ये लोहचुंबक असतो आणि शेजारच्या नळीत रीड स्विच. काचेच्या बंद नळीतल्या दोन बारीक पट्ट्या चुंबक जवळ आला की एकमेकींना चिकटतात. बेल प्रयोगशाळेत वॉल्टर एलवुड यांनी १९३०च्या दशकात तो तयार केला. पट्ट्या काचेत बंद असल्यामुळे टाकीतल्या दमट हवेत त्या गंजत नाहीत.

स्विच उघडा असताना पिन कशालाच जोडलेली नसेल, तर ती मोकळी लोंबकळते आणि आसपासच्या ५० हर्ट्झच्या वीजवाहिन्यांची गुणगुण उचलते. मग कंट्रोलरला कधी १ वाचायला मिळतो, कधी ०. म्हणून पिनपासून ५ व्होल्टपर्यंत साधारण १० किलो-ओहमचा रेझिस्टर जोडतात, म्हणजे स्विच उघडा असताना पिन ५ व्होल्टवर स्थिर राहते. त्याला पुल-अप म्हणतात. गच्चीपासून खालपर्यंतची केबल मोटरच्या केबलला खेटून आणली असेल, तर हा त्रास आणखी वाढतो.

स्विच जुळतानाही पट्ट्या एकदा आपटून थांबत नाहीत, काही क्षण थरथरतात. आपल्याला ते जाणवत नाही. पण अर्डुइनो उनोसारख्या बोर्डवरचा मायक्रोकंट्रोलर सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोक्यांनी चालतो, म्हणजे एका मिलिसेकंदात १६,००० ठोके. स्विच एकदाच जुळला तरी त्याला तो अनेकदा जुळल्यासारखा दिसतो. उपाय सोपा आहे: बदल दिसल्यावर २०-३० मिलिसेकंद थांबून पुन्हा वाचायचं.

पाण्याच्या लाटांवर मात्र एवढ्याने भागत नाही. वरून धार पडत असताना फ्लोट सतत हेलकावतो. एकाच पातळीवर मोटर चालू-बंद ठरवली, तर कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरची वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच, तडतडत राहतो. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, त्यामुळे कॉन्टॅक्टरचे पॉइंट जळतात. म्हणून दोन पातळ्या लागतात: खालच्या पातळीला मोटर सुरू, वरच्या पातळीला बंद, आणि मधल्या पट्ट्यात जे चाललंय तेच चालू. सर्किटमध्ये हेच काम श्मिट ट्रिगर करतो. ऑटो श्मिट यांना ही कल्पना १९३४ मध्ये विद्यार्थी असताना सुचली, तीही स्क्विड या समुद्री प्राण्याच्या चेतातंतूंचा अभ्यास करताना. मला हा या विषयातला सगळ्यात सुंदर धागा वाटतो.

आता खरा कळीचा प्रश्न: वायर तुटली तर? टाकी भरल्यावर जुळणारा स्विच लावला असेल, तर तुटलेली वायर ‘अजून भरली नाही’ असंच सांगत राहते आणि पाणी रात्रभर गच्चीवरून वाहतं. म्हणून भरल्यावर तुटणारा स्विच लावावा. तळातल्या संपमध्ये, म्हणजे पंप जिथून पाणी उचलतो त्या जमिनीखालच्या टाकीत, पाणी असेपर्यंत जुळलेला राहणारा स्विच हवा. मग दोन्हीपैकी कोणतीही वायर तुटली तरी मोटर थांबते. टाकीही वाहत नाही आणि पंप कोरडाही चालत नाही. इतकी साधी गोष्ट, पण जोडणी करताना आग्रहाने मागून घ्यावी अशी.

पाणी नेमकं किती आहे हे हवं असेल, तर तळाशी दाब मोजणारा सेन्सर ठेवतात. पाण्याच्या दर मीटर खोलीला दाब सुमारे ९.८ किलोपास्कलने वाढतो. कारखान्यांत असे सेन्सर ४ ते २० मिलिअँपिअरचा करंट पाठवतात: रिकाम्या टाकीला ४, अर्ध्याला १२, भरलेल्या टाकीला २०. सुरुवात शून्यापासून का नाही? हा करंट २५० ओहमच्या रेझिस्टरमधून नेला, की १ ते ५ व्होल्ट मिळतात आणि उनो बोर्ड ते साधारण २०५ ते १०२३ या आकड्यांत वाचतो. आकडा शून्याजवळ आला, तर टाकी रिकामी झालेली नसते, वायर तुटलेली किंवा सेन्सर बंद पडलेला असतो. अशा वेळी कंट्रोलरने मोटर बंद ठेवून बिघाडाचा लाल दिवा लावायचा.