पाणी उचललं किती आणि आटलं किती

मे महिन्यात सोलापुरात रात्री झोपताना कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओततात. पहाटे गवत कोरडं पडून गरम वारा यायला लागला की उठून पुन्हा ओततात. त्याच घरात सकाळी आंघोळीलाही दोन बादल्या लागतात. नळाच्या हिशेबात दोन्ही सारख्याच, पण आंघोळीचं पाणी मोरीतून ड्रेनेजला लागतं आणि नीट यंत्रणा असेल तर शुद्धीकरण केंद्रात पोचतं. ते मळलेलं असतं, पण असतं. कूलरमधलं हवेत जातं आणि भीमेच्या या खोऱ्यापुरतं संपतं.

नदी, धरण, विहीर यांतून काढलं ते उचललेलं पाणी. त्यातलं वाफ होऊन गेलं किंवा पिकात, मालात बांधलं गेलं ते आटलेलं. प्रकल्प अहवालात, बातमीत, सभेतल्या भाषणात या दोन्हींना ‘पाणीवापर’ हा एकच शब्द लावतात, आणि उजनी धरणाच्या पाण्यावरची निम्मी भांडणं तिथेच गुंततात असं माझं ठाम मत आहे.

शहराजवळचा 1320 मेगावॉटचा औष्णिक वीजप्रकल्प घ्या. त्याचे कूलिंग टॉवर म्हणजे अवाढव्य कूलरच. जुन्या पद्धतीत नदीचं पाणी एकदाच यंत्रातून फिरवून परत सोडत. त्यात एका मेगावॉट-तासाला, म्हणजे हजार युनिट विजेला, शंभर घनमीटरहून (घनमीटर म्हणजे हजार लिटर) जास्त पाणी उचलावं लागे, पण जेमतेम एखादा टक्का आटे. बाकीचं कोमट होऊन नदीत परत जाई आणि ती उष्णता माशांना भोवे. टॉवरच्या पद्धतीत तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरतं, म्हणून उचल फार कमी. मात्र जे उचललं त्यातलं बहुतेक आकाशात जातं. केंद्राच्या नियमानुसार 2017 नंतरच्या प्रकल्पांना मेगावॉट-तासाला 3 घनमीटरची मर्यादा आहे. 1320 मेगावॉट पूर्ण क्षमतेने दिवसभर चालले आणि ही मर्यादा गाठली, तर दिवसाला साडेनऊ कोटी लिटर होतात. माणशी 135 लिटरने सात लाख लोकांचं पाणी.

याच नियमात नव्या प्रकल्पांनी सांडपाणी अजिबात बाहेर सोडायचं नाही, अशीही अट आहे. प्रदूषणाच्या दृष्टीने ती योग्यच. पण ‘शून्य विसर्ग’ ऐकून अनेकांना वाटतं की पाणी वाचलं. शून्य विसर्ग म्हणजे उचललेला एक थेंबही नदीला परत मिळत नाही. तिथे उचल आणि आटणं हे दोन आकडे जवळपास एकच होतात. कूलरच्या गवतावर पांढरा थर धरतो ना, तेच टॉवरमध्ये होतं: पाणी उडतं, क्षार मागे राहतात. म्हणून मधूनमधून खारं पाणी काढून टाकावं लागतं. त्याचं काय केलं, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारायला हवा.

उसाचा गुंता यापेक्षा मोठा आहे, आणि तो आपल्या जिव्हाळ्याचा. सोलापूरचा वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. उसाला हंगामभर 1500 ते 2500 मिलिमीटर लागतं. पाटाने पाणी दिलं की बरंचसं मुळांखाली मुरतं. त्याला आपण ‘वाया गेलं’ म्हणतो. पण कालव्याला आवर्तन सुटलं की मोहोळ-पंढरपूरकडच्या विहिरींना पाझर फुटतो, तो याच मुरलेल्या पाण्याचा. ठिबक केलं की उचल झपाट्याने उतरते. वीज वाचते, खत वाचतं, मोकळ्या जमिनीवरून उडणारं पाणीही थोडं वाचतं. ठिबक करावंच. मात्र उसाच्या पानांतून उडणारं पाणी त्याने फारसं कमी होत नाही. वाचलेल्या पाण्यावर शेजारच्या एकरात आणखी ऊस लावला, तर खोऱ्यातून आटणारं पाणी वाढतं आणि खालच्या अंगाच्या विहिरी लवकर तळ गाठतात. शिवार तेच, नियत चांगली, तरी हिशेब उलटा पडतो.

साखर कारखान्याला आपण सरसकट पाणी पिणारा ठरवतो. पण उसाच्या वजनात सुमारे सत्तर टक्के पाणीच असतं. रस आटवताना निघणारी वाफ थंड करून नीट वापरली तर गाळपाला बाहेरचं पाणी अगदी थोडं लागतं. तहान शेतात आहे, कारखान्याच्या गव्हाणीत नव्हे.

आता उजनीच्या वरच्या अंगाला पाहू. पुणे खडकवासल्यातून पाणी उचलतं. घरगुती वापरातलं साधारण ऐंशी टक्के सांडपाणी होतं, आणि पुण्याचं ते पाणी मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून उजनीत येतं. म्हणजे पुण्याची उचल मोठी, आटणं त्या मानाने कमी, आणि जे परत येतं ते आपल्या वाट्याला. घाणीसकट. शुद्ध केलेलं काही पाणी पुण्यातल्या मुंढव्याहून उचलून शेतीच्या कालव्यात सोडलं जातं. कागदावर तो पुनर्वापर, आणि गोड्या पाण्यावरचा ताण त्याने हलका होतोही. पण पिकातून जेवढं उडालं तेवढं उजनीकडे यायचं राहिलं.

परत आलेलं पाणी कामाचं असेलच असंही नाही. सुती टॉवेल रंगवताना रंग सुतावर बसावा म्हणून भरपूर मीठ घालतात. त्या पाण्याचा रंग प्रक्रियेने उतरतो, पण विरघळलेलं मीठ साध्या प्रक्रियेने निघत नाही. आकड्यात ‘परत केलं’ असं लिहिता येतं, विहिरीत मात्र ते खारट लागतं.

मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी लागली की केंद्राच्या 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे पर्यावरणावरील परिणामांच्या अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. तो मागून घ्या. पहिल्या पानांवरचा ‘पाण्याची गरज’ हा आकडा म्हणजे उचल. त्यावर थांबू नका. पाण्याच्या ताळेबंदाची आकृती शोधा: चौकोन, बाण, प्रत्येक बाणावर घनमीटर. आत येणाऱ्या बाणांतून नदीकडे परत जाणारा बाण वजा करा. उरलं ते गेलं. आकृतीच सारांशात नसेल, तर सभेत उठून पहिला प्रश्न तोच विचारा आणि तो इतिवृत्तात नोंदवून घ्या.