परसातील मत्स्यकुंड : शेवाळ व पाण्याचा नितळपणा

परसात किंवा अंगणात मासे पाळण्यासाठी बांधलेल्या कुंडातील शैवलांची (अल्गी; पाण्यात वाढणारे साधे हिरवे जीव) वाढ आवरून पाणी नितळ राखण्याची पद्धत. ठाणे तलावांचे शहर म्हणून ओळखले जाते; परंतु मासुंदा किंवा उपवन तलावाचे प्रश्न वेगळे असल्याने प्रस्तुत नोंद घरगुती कुंडापुरती आहे. ठाण्यातील जुने बंगले आणि सिडकोने (स्थापना १९७०) वसवलेल्या नवी मुंबईतील बैठी घरे यांच्या अंगणांत अशा कुंडाला जागा निघते.

संज्ञा : मराठी ‘शेवाळ’ हा शब्द संस्कृत शैवल, शैवाल यांच्याशी जोडला जातो. मात्र संस्कृत काव्यात कमळाला वेढणारे शैवल म्हणजे आजच्या अर्थाचे शैवल असेलच असे नाही. काही अभ्यासक ती पाण्यात बुडून वाढणारी सपुष्प वनस्पती मानतात आणि वर्णने पाहता हे मत अधिक ग्राह्य वाटते. बोलीत ‘शेवाळ’ सर्वच हिरव्या थराला लावतात. पावसाळ्यात कुंपणाच्या भिंतीवर चढणारी मखमल बहुधा शेवाळी (मॉस) गटातली असते. तिचा कुंडाशी संबंध नाही.

निवळी : पाणी निवळवण्याचा जुना देशी उपाय म्हणजे निवळीचे (संस्कृत कतक) बी मडक्याच्या आतून उगाळणे. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात कतकाचे फळ पाणी स्वच्छ करते, पण केवळ त्याचे नाव घेतल्याने पाणी निवळत नाही, असा दृष्टांत आहे. निवळी आणि तुरटी मातीचे कण खाली बसवतात. शैवलाच्या पेशीही काही अंशी बसतात, पण त्यांना पोसणारी द्रव्ये कुंडातच राहतात; त्यामुळे हा उपाय पिण्याच्या पाण्याचा, कुंडाचा नव्हे.

कारणे : मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात. जीवाणू त्याचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करतात. दुसऱ्या टप्प्याचे श्रेय दीर्घकाळ नायट्रोबॅक्टर या जीवाणूला दिले जाई. १९९० च्या दशकापासूनच्या संशोधनात मत्स्यटाक्यांत नायट्रोस्पायरा हा दुसरा जीवाणू प्रबळ आढळल्याने ते मत मागे पडले आहे. नायट्रेट, उरलेल्या खाद्यातील फॉस्फरस आणि ऊन एकत्र आले की पाणी हिरवे होते. पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरच्या उन्हात आणि पुन्हा एप्रिल-मेमध्ये हा त्रास वाढतो.

प्रकार काचेच्या पेल्यात ओळखता येतो. पाणी तासाभरानेही सारखेच हिरवे राहिले तर तरंगते शैवल. तळाशी गाळ बसला तर माती. तंतुमय शैवल (स्पायरोगायरा इ.) काठीला सुतासारखे गुंडाळून निघते. निळसर हिरवी साय आली तर सावध राहावे : ती सायनोबॅक्टेरियांची (नीलहरित जीवाणूंची) असते आणि मायक्रोसिस्टिससारख्या काही जाती यकृताला घातक विष तयार करतात.

उपाय : खाद्य कमी करणे, मासे मोजकेच ठेवणे आणि कुमुद किंवा कमळाच्या पानांनी निम्म्याहून अधिक पृष्ठभाग झाकणे हे खरे उपाय. अतिनील दिवा (सुमारे २५४ नॅनोमीटर) तरंगत्या पेशी मारतो. भिंतीला चिकटलेले तंतू दिव्यापुढून जातच नाहीत. मोरचुदाचा (कॉपर सल्फेट) शैवलनाशक म्हणून जलाशयांतील वापर अमेरिकेत १९०४ पासून ज्ञात आहे. परसात तो टाळलेला बरा : पावसाच्या मृदू (क्षार कमी असलेल्या) पाण्यात तेच प्रमाण माशांना अधिक विषारी ठरते, शिवाय मेलेले शैवल कुजताना प्राणवायू संपतो. दाट शैवलही रात्री श्वसन करते. म्हणून पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. अशा वेळी आधी हवेचा पंप लावावा. गप्पी मासे डासांच्या अळ्या खातात, पाण्याचा हिरवेपणा त्यांनी जात नाही.

उन्हाळ्यात आटलेले कुंड नळाच्या पाण्याने भरताना पाणी पिंपात दिवसभर उघडे ठेवावे किंवा हायपो (क्लोरीन घालवणारे सोडियम थायोसल्फेट) घालावा. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांबरोबर गाळणीतले, अमोनियाचे रूपांतर करणारे जीवाणूही मारतो.