कोलेस्टेरॉलची साखळी आणि कर्करोग: पार्श्वभूमी

यकृताच्या निरोगी पेशीला आहारातून पुरेसं कोलेस्टेरॉल मिळालं की ती स्वतःचं उत्पादन आवरतं घेते. यकृताच्या गाठीतल्या पेशी मात्र ते आवरत नाहीत, हे मार्व्हिन सायपरस्टाइन यांनी 1964 मध्ये उंदरांत दाखवलं. कोलेस्टेरॉल कसं घडतं हे उलगडणाऱ्या कोनराड ब्लॉक आणि फिओडोर लिनेन यांना नोबेल मिळालं तेही त्याच वर्षी.

पेशी सुमारे 30 पायऱ्यांच्या साखळीतून कोलेस्टेरॉल घडवते आणि या साखळीचा वेग मुख्यतः एचएमजी-कोए रिडक्टेज हे विकर (एन्झाइम) ठरवतं. अकिरा एंडो यांनी जपानमध्ये हजारो बुरशी तपासल्या आणि 1973 मध्ये पेनिसिलियम सिट्रिनममधून नेमकं हेच विकर अडवणारं कॉम्पॅक्टिन वेगळं केलं; असं काम करणाऱ्या, कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधांना स्टॅटिन म्हणतात. मोठ्या मात्रेने कुत्र्यांत लिम्फोमा होतो या संशयावरून 1980 मध्ये त्याच्या चाचण्या थांबल्या. म्हणजे स्टॅटिनची कर्करोगाशी पहिली गाठ पडली ती भीतीपोटी. 2012 मध्ये 27 चाचण्यांतल्या सुमारे 1,75,000 लोकांची आकडेवारी एकत्र तपासली गेली, तेव्हा स्टॅटिनने कर्करोग वाढतही नाही आणि टळतही नाही, असं दिसलं.

स्टॅटिन कर्करोगावर चालेल अशी आशा वाटण्याचं कारण वेगळं होतं. याच साखळीत मधल्या टप्प्यावर फार्नेसिल हा मेदाचा तुकडा बनतो आणि त्याच्या आधाराने रास हे पेशीला वाढण्याचा संदेश देणारं, अनेक कर्करोगांत बिघडलेलं प्रथिन पेशीच्या पडद्याला चिकटतं. साखळी वरच तोडली तर रास निकामी होईल, असा हिशोब होता. हृदयविकारासाठी लोव्हास्टॅटिन दिवसाला 20 ते 80 मिलिग्रॅम देतात. 1990च्या दशकातल्या एका चाचणीत ते वजनाच्या दर किलोमागे 45 मिलिग्रॅमपर्यंत दिलं गेलं. तिथे स्नायूंचा त्रास आडवा आला. नेहमीच्या मात्रेनेही भागलं नाही: फुप्फुसाच्या स्मॉल सेल कर्करोगाच्या 846 रुग्णांच्या चाचणीत रोज 40 मिलिग्रॅम प्राव्हास्टॅटिनने आयुष्य वाढलं नाही.

असं का होतं? गोळीतलं बरंचसं स्टॅटिन यकृतच उचलतं, गाठीपर्यंत थोडंच पोचतं. शिवाय कोलेस्टेरॉल घटलं की एसआरईबीपी-2 हे प्रथिन जागं होतं आणि पेशी तेच विकर आणखी बनवू लागते. डायपिरिडामोल ही रक्ताच्या गुठळ्या टाळण्यासाठीची जुनी गोळी ही पळवाट बंद करते, पण हे मुख्यतः प्रयोगशाळेतलं ज्ञान आहे. म्हणून केवळ कर्करोगासाठी स्टॅटिन सुरू करू नये; हृदयासाठी चालू असलेलं मनाने बंदही करू नये. इमॅटिनिब हे कर्करोगाचं औषध घेणाऱ्यांच्या रक्तात सिम्व्हास्टॅटिन या स्टॅटिनचं प्रमाण सुमारे दोन ते साडेतीन पट होतं, तेव्हा डॉक्टरांना दोन्ही औषधं सांगावीत.

साखळीची खालची पायरी अडवणारं झोलेड्रोनिक अॅसिड हे औषध मात्र कामी आलं. ते हाडात साठतं आणि हाड खाणाऱ्या पेशी ते गिळतात, म्हणून हाडात पसरलेल्या कर्करोगात 4 मिलिग्रॅम शिरेतून, किमान 15 मिनिटं घेऊन देतात. त्याआधी दात तपासून घ्यावेत. नंतर दात काढल्यास जबड्याचं हाड मृत होण्याचा धोका असतो.