स्वस्त होतंच, आडोसा नव्हता

आमच्या अशोक चौकाच्या आसपासच्या कुठल्याही मेडिकलवर संध्याकाळी उभं राहा. डोकेदुखीची गोळी बाया मोठ्यानं मागतात. ‘ती’, म्हणजे गर्भनिरोधक गोळी हवी असेल तर काउंटरवरचा पोरगा रिकामा असला तरी मालकीणबाई यायची वाट बघतात. मग पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून, वर काळी पिशवी. काळ्या पिशवीवरूनच गल्लीला सगळं कळतं, हा भाग वेगळा! आता हीच खरेदी मोबाइलवर शोधली जाते, ‘स्वस्त’ असं टाकून. पण स्वस्ताईचा प्रश्न आपल्याकडे बराच आधी सुटलाय; अडतं ते आडोशावर.

सुरुवात समाजसुधारक र. धों. कर्व्यांची. त्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि 1927 पासून 1953 पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. या उद्योगापायी प्राध्यापकी गेली, अश्लीलतेचे खटले झाले. 1934 च्या खटल्यात वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं होतं. पैशांची चणचण होतीच, पण खरी लढाई या गोष्टी उघड बोलण्याची होती.

सरकार 1952 मध्ये कुटुंब नियोजनात उतरलं. 1968 मध्ये ‘निरोध’ हा सरकारी कंडोम आला: तीन नगांचं पाकीट 15 पैशांत. तो खेडोपाडी पोहोचवला चहा-साबण विकणाऱ्या कंपन्यांनी, म्हणजे चहापत्ती ठेवणाऱ्या दुकानातच निरोध. ही युक्ती मला आजही भारी वाटते. पुढं आणीबाणीत नसबंदीची सक्ती झाली आणि ‘कुटुंब नियोजन’ हे शब्दच लोकांना नकोसे झाले. 1977 नंतर सरकारी पाट्यांवर ‘कुटुंब कल्याण’ आलं.

सरकारी दवाखान्यात माला-एन ही रोजची गर्भनिरोधक गोळी फुकट मिळते. पाकिटात 28 गोळ्या, त्यातल्या शेवटच्या सात लोहाच्या. आठवड्याला एक घ्यायची ‘छाया’ गोळी (पहिले तीन महिने आठवड्याला दोन) आणि तीन महिन्यांतून एकदाचं ‘अंतरा’ इंजेक्शनही तिथं विनामूल्य आहे. 2011 पासून आशाताई घरपोच देऊ लागल्या: निरोधचं पाकीट एक रुपया, गोळ्यांचं पाकीट एक रुपया, तातडीची (संबंधांनंतर घ्यायची) गोळी दोन रुपये. पण आशाताई त्याच वस्तीतली, सासूच्या ओळखीची. दिवसभर विड्या वळणारी सून तिच्यासमोर तोंड कसं उघडणार?

मोबाइलवर मिळतो तो हा आडोसा. तोही बेताचाच, कारण खोकं दारात आल्यावर फोडायला सासूच पुढं येते. कायद्याची बाजूही धड बसलेली नाही: ऑनलाइन औषधविक्रीच्या नियमांचा मसुदा 2018 मध्ये आला, आणि त्याच डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयानं विनापरवाना विक्री थांबवायला सांगितलं.

निरोध मागवून ठेवला तर बिघडत नाही. रोजची गोळी पहिल्यांदा सुरू करताना मात्र रक्तदाब, अर्धशिशी, तंबाखू यांची विचारपूस डॉक्टरांनी केलेली बरी. आणि तातडीची गोळी संबंधांनंतर 72 तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. पार्सल चौथ्या दिवशी आलं तर वेळ टळलेली असते. तिच्यासाठी अजून तरी मालकीणबाईंची वाट बघावी लागते.