ग्राहकनिष्ठा आणि दरतुलना (ऑनलाइन खरेदी)

एकच वस्तू अनेक संकेतस्थळांवर कमीअधिक भावाने मिळत असताना गिऱ्हाईक पुन्हा नेहमीच्याच दुकानाकडे वळते, तेव्हा त्या वागण्याला ऑनलाइन ग्राहकनिष्ठा म्हणतात. तेच सगळे भाव एका पडद्यावर शेजारी शेजारी मांडणारे संकेतस्थळ किंवा अॅप म्हणजे दरतुलनेचे साधन. ही साधने आली की निष्ठा संपेल, असा अंदाज सुरुवातीला होता. तो खरा ठरला नाही.

भाव शोधायलाही खर्च येतो आणि म्हणूनच एका मालाचे अनेक भाव टिकून राहतात, हे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी १९६१ मध्ये मांडले. गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ते उघड दिसते. पावसाळ्याआधी पुरुमेंत (पावसाळ्यासाठीचा साठवणीचा जिन्नस) भरायला आलेली गृहिणी सुकी मासळी, सोलं (आमसुलं), मिरची यांचे भाव चार ठिकाणी विचारते आणि बहुतेकदा गेल्या वर्षीच्याच मिरचीवालीपाशी येऊन थांबते. त्या मिरचीचा रंग वर्षभर टिकला होता, हे तिने घरी पाहिलेले असते. चार पैसे जास्त जातात ते या खात्रीपोटी.

पडद्यावरही असेच घडते. १९९५ मध्ये ‘बार्गेनफाइंडर’ या दरतुलनेच्या साधनाने संगीताच्या सीडींचे भाव एकत्र दाखवायला सुरुवात केली, तेव्हा काही दुकानांनी त्याला दारच बंद केले. १९९८ मध्ये अॅमेझॉनने ‘जंगली’ ही दरतुलनेची कंपनीच विकत घेतली. पुढे २०१२ मध्ये त्याच नावाचे तुलनास्थळ भारतात आणले, पण ते टिकले नाही. एरिक ब्रिनजॉल्फसन आणि मायकेल स्मिथ या अभ्यासकांनी पुस्तके व सीडी तपासून २००० मध्ये दाखवले, की ऑनलाइन भाव साध्या दुकानांपेक्षा ९ ते १६ टक्के कमी असले तरी संकेतस्थळा-संकेतस्थळांत मोठी तफावत राहते. स्वस्ताच्या शोधात तुलनास्थळावर आलेले लोकही ओळखीच्या नावासाठी जास्त पैसे मोजतात, हे त्यांच्या पुढच्या अभ्यासात दिसले. माल वेळेवर येईल का, याचा अंदाज ते नावावरून बांधत होते.

तुलना फक्त तंतोतंत सारख्या मालाची होते. मोबाइलला मॉडेल क्रमांक असतो. चवथीच्या माटोळीसाठी (गणपतीच्या वर फळे-पाने टांगून सजवलेल्या चौकटीसाठी) लागणाऱ्या सुपारीच्या घोसाला नसतो. शिवाय तुलनास्थळांची कमाई बहुधा विक्रेत्याकडून मिळणाऱ्या दलालीतून होते, म्हणून वर दिसणारा भाव सर्वांत हिताचा असेलच असे नाही. स्वतःची तुलनासेवा शोधनिकालांत पुढे ढकलल्याबद्दल युरोपीय आयोगाने २०१७ मध्ये गूगलला २.४२ अब्ज युरोंचा दंड केला. भारतात २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी मालाचा क्रम कोणत्या मुख्य निकषांवर लागतो हे सांगणे मंचांना, म्हणजे ऑनलाइन विक्रीच्या संकेतस्थळांना, बंधनकारक केले. पैसे भरायच्या टप्प्यापर्यंत शुल्क वाढवत नेण्याची युक्ती २०२३ च्या सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या रचनांमध्ये धरली आहे, आणि ते योग्यच झाले: पहिला भाव खोटा असेल तर तुलनेला अर्थच उरत नाही.

सगळी निष्ठा मात्र विश्वासाची नसते. वार्षिक वर्गणी आधीच भरली की ‘पैसे वसूल’ करण्यासाठी माणूस दुसरीकडे पाहतच नाही. साठलेले गुण, जतन केलेला पत्ता आणि कार्ड हेही त्याला बांधून ठेवतात. अशा बांधिलकीला निष्ठा म्हणणे विक्रेत्याच्या सोयीचे आहे.

गोव्यात पत्त्याचा प्रश्न वेगळाच भारी पडतो. तुलनेत सर्वांत स्वस्त दिसलेला विक्रेता ४०३ ने सुरू होणारा पिनकोड टाकल्यावर पोचवण्याचे शुल्क लावू शकतो किंवा माल पाठवायलाच नकार देऊ शकतो. सत्तरी-पेडणे तालुक्यांच्या आतल्या वाड्यांवर घर क्रमांकापेक्षा ‘देवळाकडून वर, आंब्याच्या झाडापाशी’ हीच खूण चालते. ती खूण पाठ असलेला, भर पावसात पार्सल प्लास्टिकमध्ये गुंडाळून आणणारा मुलगा ज्या मंचाचा माल आणतो, त्याच मंचावर पुढची मागणी नोंदवली जाते. त्याची वाट कोणत्याही तुलनास्थळाच्या रकान्यात येत नाही.