“पोरांना काही कळू दिलं नाही”

हे वाक्य अनेक बाप समाधानानं म्हणतात. हातून काहीतरी घडून गेलेलं असतं. कुणाला फसवलेलं असतं, शेवटच्या आजारपणात आईला भेटायला गेलेलं नसतं. ते आत रोज टोचतं, पण घरात चेहरा सरळ ठेवला की मुलांपुरता विषय संपला, अशी समजूत असते. ती चुकीची आहे.

१९९० च्या दशकात जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना किळस आणि दुःख वाटेल अशा फिती दाखवल्या आणि काहींना चेहऱ्यावर काहीच दिसू द्यायचं नाही असं सांगितलं. चेहरे शांत राहिले, पण आतली भावना कमी झाली नाही. उलट धोका दिसला की शरीराला सज्ज करणारी अनुकंपी चेतासंस्था जास्तच पेटली.

ही चेतासंस्था मोजायची एक पद्धत मला फार आवडते. नुसते ठोके मोजून भागत नाही, कारण त्यांच्या गतीवर दोघांचा ताबा असतो. अनुकंपी चेता गती वाढवतात, व्हेगस चेता ती आवरून धरते. ठोके वाढले तर एकीनं रेटलं की दुसरीनं सोडलं, हे समजत नाही. म्हणून वेगळाच काळ मोजतात. हृदयाच्या जवनिकेत, म्हणजे रक्त बाहेर ढकलणाऱ्या कप्प्यात, विद्युतसंदेश पोचल्यापासून महाधमनीची झडप उघडेपर्यंत साधारण १०० मिलिसेकंद जातात. तेवढ्यात जवनिका आवळत असते, आतला दाब चढत असतो, रक्त मात्र अजून बाहेर पडलेलं नसतं. अनुकंपी चेतांनी जोर लावला की स्नायू अधिक ताकदीनं आवळतो, दाब लवकर चढतो आणि झडप काही मिलिसेकंद आधी उघडते. मानेवर आणि छातीवर लावलेल्या इलेक्ट्रोडमधून हे टिपता येतं. माणूस खुर्चीत निवांत बसलेला दिसतो आणि त्याची झडप घाई करत असते!

हे बापापुरतं राहत नाही. सारा वॉटर्स आणि सहकाऱ्यांनी २०२० साली ७ ते ११ वर्षांची मुलं आणि पालक अशा १०७ जोड्या अभ्यासल्या. त्यांत जवळपास निम्मे बाप होते. मुलांना दूर ठेवून पालकांना ताण दिला. मग निम्म्यांना सांगितलं, मुलापासून भावना लपवा. हा ताण होता, अपराधभाव नव्हे, पण लपवण्याची क्रिया तीच. लपवणाऱ्या जोड्यांमधली ऊब आणि एकमेकांतला रस कमी झाला. लपवणाऱ्या आयांच्या शरीरातला ताण मुलांच्या शरीरात उमटला. बापांमध्ये दिशा उलटी निघाली. लपवणाऱ्या बापाचं शरीर मुलाच्या शरीरामागून जात होतं, मुलाचा ताण चढला की मागोमाग बापाचा. मुलाला काही कळलं तर नाही ना, अशी धास्ती बाळगणारा बाप मला त्यात दिसतो. अर्थात हा माझा अंदाज.

‘बापाचं पाप पोरांना भोगावं लागतं’ असं सांगून तोडगे विकणाऱ्यांना यातून काडीचाही आधार मिळत नाही. ‘अपराधभाव डीएनएतून उतरतो’ म्हणणाऱ्यांनाही नाही. डायस आणि रेसलर यांच्या २०१४ च्या गाजलेल्या प्रयोगात उंदरांना एका वासासोबत विजेचा झटका दिला होता आणि त्यांची पुढची पिढी त्या वासाला जास्त संवेदनशील निघाली. तिथून माणसाच्या पश्चात्तापावर उडी मारणं निव्वळ थाप आहे.

मुलाला गुपित कळत नाही. बाबा गोष्ट वाचताना पान उलटायला विसरले, तिसऱ्यांदा हाक मारल्यावर “हं?” म्हणाले, एवढं मात्र कळतं. “काय झालं?” याला “काही नाही” असं उत्तर मिळालं की कारण मूल स्वतःच शोधतं. आईबापांच्या भांडणांवरच्या संशोधनात हे वारंवार दिसलंय की अनेक मुलं दोष स्वतःकडे घेतात. गुपित न फोडताही बापाला म्हणता येतं, “एका जुन्या गोष्टीचं मला वाईट वाटतंय. तुझं त्यात काही चुकलेलं नाही.”