भुईमूग: ओल्या शेंगेचा भाव आणि वाळल्या शेंगेचा भाव

उन्हाळी भुईमूग निघू लागला की बाजारभावाच्या यादीत दोन ओळी दिसतात: शेंग (ओली) आणि शेंग (सुकी). सुकीचा भाव दीड-दोन हजारांनी वर दिसला की अनेक जण माल वाळवायला टाकतात आणि तिथंच फसतात.

उपटल्याबरोबर शेंगेत साधारण ४० टक्के पाणी असतं. साठवायची तर ते ८ टक्क्यांच्या आसपास आणावं लागतं. म्हणजे १ क्विंटल ओली शेंग वाळून जेमतेम ६५ किलो भरते. ओलीला क्विंटलमागे ४,००० रुपये मिळत असतील, तर सुकीला निदान ६,१५० मिळाले तर कुठं बरोबरी होते. वाळवणीची मजुरी, ताडपत्री आणि राखण यात धरलेलीच नाही. आपल्या वावराचा नेमका आकडा हवा असेल तर माती झटकून १० किलो शेंगा वेगळ्या वाळवा आणि पुन्हा काट्यावर ठेवा.

२०२५-२६ चा ७,२६३ रुपये हमीभाव वाळलेल्या शेंगेचा आहे. ओल्या शेंगेच्या किंवा दाण्याच्या भावाशी तो ताडून पाहू नका.

काढणीही सारखी नसते. थोडी कोवळी शेंग ओली विकली तर वजनात भरते, उकडून खायला गिऱ्हाईक ती आवडीनं घेतं. तीच वाळवली की दाणा सुरकुततो आणि हर्रासीत (लिलावात) भाव पडतो. वाळवायची असेल तर टरफल आतून काळपट झालेल्या शेंगा झाडावर पाऊण हिश्श्याहून जास्त दिसू द्या. पण फार थांबूही नका. टॅग २४ सारख्या उपट्या (उभ्या वाढणाऱ्या) जातींच्या दाण्याला सुप्तावस्था जवळपास नसते, एक पाऊस पडला की जमिनीतच कोंब फुटतात.

ओली शेंग उपटली त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या सकाळी विकलीच पाहिजे. रात्रभर पोत्यात दाबून ठेवली तर गरम होऊन काळी पडते. आवक एकदम वाढली की दुपारपर्यंत भाव उतरतो आणि माल परत नेऊनही उपयोग नसतो. सगळं वावर एकाच दिवशी उपटू नये ते यासाठीच.

वाळवताना झाडं उलटी, शेंगा वर करून दोन-तीन दिवस ठेवा, मग तोडून पातळ थरात पसरा. मे महिन्यात सिमेंटच्या खळ्यावर भर दुपारी टाकलेल्या शेंगेच्या दाण्याची साल सुटते, बियाणं असेल तर उगवणही घटते. कानाजवळ हलवल्यावर दाणा खुळखुळला की शेंग वाळत आली. खरा धोका अवकाळी पावसाचा. भिजलेली शेंग ढिगात राहिली की अस्परजिलस बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन तयार होतं. ते भाजूनही पुरतं जात नाही. असा माल निवडून फेकाच, ढोरांनाही घालू नका.

दाणे करून विकायचे का, हे उताऱ्यावर ठरतं. २०० ग्रॅम सुक्या शेंगा फोडून दाणे तोला. १४० ग्रॅम भरले तर उतारा ७० टक्के. दाण्याचा भाव ९,५०० असेल तर १ क्विंटल शेंगेचे ६,६५० होतात, त्यातून फोडाई आणि फुटक्या दाण्याची घट वजा करून शेंगेच्या भावाशी मांडा.